सूर्य मावळला नाही तरी रात्र होतेच

प्रिय ताई,

मी एडमंटनमध्ये राहते आणि इथल्या एका पाच जणांच्या बँडमध्ये तबला वाजवते. बाकीचे चौघं कॅनडातलेच: गिटार आणि गाणं, फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), बेस, अ‍ॅकॉर्डियन. जुलैच्या मध्यावर आम्ही उत्तरेचा दौरा ठरवतोय. फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, डॉसन सिटी आणि शेवटी डेम्पस्टर हायवेनं इनुविक. अकरा दिवस, पाच कार्यक्रम, एक जुनी व्हॅन आणि मागं ट्रेलर. डॉसनचा कार्यक्रम मध्यरात्री संपला की तसंच निघायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इनुविकला वाजवायचं आणि ते संपलं की लगेच परत फिरायचं, असा आमच्या म्होरक्याचा बेत आहे. बँड त्यानंच उभा केलाय, माणूस मनानं चांगला आहे. ‘तिथं जुलैत रात्रच होत नाही, मग रात्रीचा प्रवास धोक्याचा कसा?’ असं तो विचारतो आणि मला उत्तर सुचत नाही. मी काही बोलले की ‘तुला सवय नाही’ म्हणून सगळे हसतात. मी बँडमध्ये सगळ्यांत नवी. गाडी चालवते, पण खडीच्या रस्त्यावर कधी चालवलेली नाही. मला जायचंय, अगदी मनापासून जायचंय. पण या बेताला हो म्हणू का? नाही म्हटलं तर बँडमधली जागा जाईल का? आणि एवढ्या लांब तबला नेताना काय काळजी घेऊ?

— एक तबलेवाली, एडमंटन

प्रिय तबलेवाली,

जा, नक्की जा. पण या बेतानं जाऊ नकोस.

तुमच्या म्होरक्याचा प्रश्न खरं तर चांगला आहे, आणि त्याला नीट उत्तर आहे. जुलैच्या मध्यावर इनुविकला सूर्य क्षितिजाखाली जात नाही, डॉसनला तो थोडा वेळ बुडतो पण अंधार पडत नाही. इथवर त्याचं म्हणणं बरोबर. रात्र मात्र फक्त आभाळात होत नाही, ती अंगातही होते. मध्यरात्रीनंतर दोनपासून सकाळी सहापर्यंतचा काळ शरीराच्या घड्याळात सगळ्यांत ढिला असतो. बाहेर लख्ख उजेड असला तरी तो ढिलेपणा जात नाही. उजेडामुळं होतं एवढंच, की आपण दमलोय हे उशिरा कळतं. अंधारात गाडी चालवणारा माणूस निदान स्वतःला सांगतो की आता उशीर झाला, कुठंतरी थांबू. पहाटे तीन वाजता लख्ख उजेड असेल तर ते सांगायलाही कुणी नसतं. त्यात तुम्ही दोन तास रंगमंचावर वाजवून आलेले. वाजवल्यानंतर अंगात जी झिंग असते ती तुलाही ठाऊक आहे. ती तास-दीड तास टिकते आणि मग एकदम उतरते. डॉसनमधून मध्यरात्री निघालात तर ती उतरेल तेव्हा तुम्ही रस्त्याच्या अशा भागात असाल जिथं शेकडो किलोमीटर वस्ती नाही.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. जुलैत मध्यरात्रीच्या सुमाराला तिथला सूर्य उत्तरेला असतो, क्षितिजालगत, आणि बुडाला तरी तिथूनच पुन्हा वर येतो. आणि तुम्ही निघालेले असणार उत्तरेकडेच. म्हणजे तासन्‌तास समोरून, अगदी डोळ्यांच्या पातळीवर ऊन. काचेवर धुळीचा थर असेल तर त्या उन्हात समोरचा खड्डाही दिसत नाही, मग कॅरिबू किंवा मूस ही तिथली मोठी हरणं दिसायची बातच सोड.

आता डेम्पस्टरबद्दल, कारण तुमच्या सगळ्या बेताचं ओझं त्या एका रस्त्यावर आहे. डॉसनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर तो सुरू होतो आणि इनुविकपर्यंत ७३६ किलोमीटर जातो. १९७९मध्ये तो पूर्ण खुला झाला. जवळजवळ सगळा खडीचा आहे आणि तो तसा असण्याला कारण आहे. खालची जमीन कायमची गोठलेली. तिला ऊब लागली तर ती वितळून खचेल, म्हणून खडीचा जाड थर टाकून रस्ता जमिनीपासून वर उचलून बांधलाय. त्यामुळं कडा उंच आणि मऊ. ट्रेलरचं एक चाक कडेवरून घसरलं तर ते परत वर घेणं फार अवघड. वर धारदार दगड, जे टायर कापतात. पाऊस पडला की चिखल, ऊन पडलं की धूळ. ट्रेलर ओढणाऱ्या जुन्या व्हॅननं तिथं ताशी साठचा सरासरी वेग गाठला तर खूप झालं. म्हणजे न थांबता बारा-तेरा तास, आणि न थांबता कुणीच जात नाही. पहिला पेट्रोल पंप ३६९व्या किलोमीटरवर ईगल प्लेन्सला. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही.

आणि वाटेत दोन नद्या आहेत. फोर्ट मॅकफर्सन गावाच्या अलीकडं पील, आणि पुढं त्सिगेचिक गावाजवळ मॅकेन्झी. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता, आणि मधले काही आठवडे काहीच नाही. फेरी फुकट आहे, पण ती रात्रभर चालत नाही. पाणी चढलं किंवा वारा सुटला तर दिवसाही थांबते. आता तुमच्या परतीच्या बेताकडं बघ. इनुविकचा कार्यक्रम रात्री अकराला संपणार, आवराआवर करून तुम्ही निघणार, आणि सव्वाशे किलोमीटरवर मॅकेन्झीच्या काठाशी येऊन थांबणार. पलीकडं जायला बोट नाही. सकाळपर्यंत पाच माणसं व्हॅनमध्ये, भोवती डास. त्यापेक्षा इनुविकमध्येच झोपलात तर काय बिघडेल? म्होरक्याला बाकी काही पटलं नाही तरी हे पटेल, कारण याच्यात भीतीचा संबंध नाही. साधं वेळापत्रक आहे.

वेळापत्रकावरून आणखी एक. डॉसन ज्या युकॉन प्रदेशात आहे त्यानं २०२०पासून घड्याळ मागंपुढं करणं बंद केलं. इनुविक ज्यात आहे त्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढं असतं. ४६५व्या किलोमीटरवर हद्द ओलांडली की तुमचा एक तास गेला. फेऱ्या आणि इनुविकचा कार्यक्रम, दोन्ही त्या पुढच्या घड्याळावर. मध्यरात्री डॉसनहून निघून सगळं सुरळीत झालं तरी तुम्ही दुपारी तीन-चारला पोचाल, न झोपलेले, आणि तसेच साउंडचेकला उभे राहाल. एक पंक्चर झालं तर तेही नाही.

‘तुला सवय नाही’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. हा रस्ता ज्याच्या नावाचा आहे त्या डेम्पस्टरची गोष्ट तुमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. २१ डिसेंबर १९१० रोजी फ्रान्सिस फिट्झगेराल्ड नावाचा पोलीस इन्स्पेक्टर तीन साथीदार आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. दर हिवाळ्यात ही फेरी होत असे. फिट्झगेराल्डला ती नेहमीपेक्षा लवकर पुरी करायची होती, म्हणून त्यानं ओझं कमी केलं, शिधा कमी घेतला. वाटेत ईसॉ जॉर्ज हा ग्विचिन (तिथले मूळ रहिवासी) वाटाड्या काही दिवस त्यांच्याबरोबर होता, त्यालाही पैसे देऊन परत पाठवलं. पुढं वाट सापडेना. साथीदारांपैकी ज्याच्या भरवशावर ते निघाले होते त्यानं तो मार्ग पूर्वी फक्त उलट दिशेनं पाहिलेला. कडाक्याच्या थंडीत शोधाशोध करण्यात दिवस गेले, शिधा संपला, ते मागं फिरले, कुत्री मारून खाल्ली. चौघेही वाटेतच गेले, फोर्ट मॅकफर्सन अगदी जवळ आलेलं असताना. मार्च १९११मध्ये त्यांचे मृतदेह शोधून काढले ते कॉर्पोरल डेम्पस्टरनं. त्या चौघांच्या कबरी आजही फोर्ट मॅकफर्सनला आहेत, तुम्ही त्याच गावातून जाणार आहात.

तुमच्या प्रवासात असं काही होईल असं मी म्हणत नाही. तुमच्याकडं व्हॅन आहे, उन्हाळा आहे, रस्त्यावर इतर गाड्या आहेत. पण त्या चौघांना सवय नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. ते अनुभवी होते. त्यांचं चुकलं ते घाईत, आणि ज्याला ती जमीन ठाऊक होती त्याला परत पाठवण्यात. उत्तरेत राहणारी माणसं सावधपणानंच वागतात. ती दोन जादा टायर घेतात, निघण्याआधी रस्त्याची चौकशी करतात, कुठं चाललो आणि कधी पोचणार हे कुणालातरी सांगून ठेवतात, युकॉनच्या कायद्याप्रमाणं भर दिवसाही हेडलाइट लावतात. तुला जे वाटतंय ते तिथल्या लोकांच्या वागण्याच्या जास्त जवळ आहे, तुमच्या म्होरक्याच्या बेतापेक्षा.

मग काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. अकरा दिवसांत इनुविक बसत नाही. एडमंटन ते इनुविक एका बाजूनं सुमारे ३,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६,४०० आणि रोजचे सरासरी ५८०. त्यातल्या पाच दिवशी कार्यक्रमही, आणि सुटीचा दिवस एकही नाही. एक तर आणखी चार दिवस काढा, नाहीतर इनुविक या वर्षी सोडा आणि व्हाइटहॉर्स-डॉसन निवांत करा. तिसरा मार्गही आहे: एअर नॉर्थची विमानं व्हाइटहॉर्सहून डॉसनमार्गे इनुविकला जातात. व्हॅन डॉसनला ठेवायची, हातातली वाद्यं घेऊन उडायचं आणि अ‍ॅम्प, स्पीकर, स्टँड इनुविकच्या आयोजकांकडं मागायचे. पाच तिकिटं महाग पडतील, पण चार दिवसांची सुटी ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग खरा आहे. मला स्वतःला चार दिवस काढून गाडीनं जाणं सगळ्यांत आवडेल, का ते पुढं सांगते.

अलास्का हायवेची मला फार काळजी नाही. १९४२मध्ये युद्धाच्या घाईत बांधलेला तो रस्ता आज पक्का आहे आणि ठरावीक अंतरावर पेट्रोल मिळतं. फक्त फोर्ट नेल्सन आणि वॉटसन लेकच्या मधल्या लियार्ड नदीच्या पट्ट्यात वुड बायसनचे, म्हणजे तिथल्या रानगव्यांचे, कळप रस्त्यावरच उभे असतात. गडद रंगाचं ते धूड संधिप्रकाशात दिसत नाही, तेव्हा तो टप्पा दिवसाच करा. फोर्ट नेल्सनचा कार्यक्रम झाल्यावर त्याच रात्री निघू नका. दुसऱ्या दिवशी तीनेकशे किलोमीटरवर लियार्डचे गरम पाण्याचे झरे लागतात, तिथं मुक्काम करा. दोन दिवस व्हॅनमध्ये आखडलेल्या पाठीला आणि मनगटांना त्याच्यासारखं औषध नाही, आणि तबलजीला मनगटांची किंमत मी सांगायला नको.

डॉसनला पोचलात की कार्यक्रमाच्या रात्री तिथंच झोपायचं. खिडकीला जाड पडदा नसेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, तिकडचे लोकही हेच करतात. डोळ्यांवर बांधायची पट्टी प्रत्येकाजवळ हवी. दुसऱ्या दिवशी पोटभर झोपून, खाऊन, टाकी भरून निघा आणि ईगल प्लेन्सच्या हॉटेलात मुक्काम करा. तिथली खोली आधी राखून ठेवा, कारण दुसरं हॉटेल नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडा (ते ४०५व्या किलोमीटरवर आहे), दोन्ही फेऱ्या घ्या आणि संध्याकाळी इनुविक. कार्यक्रम त्याच्या दुसऱ्या दिवशी. सबंध आकाराचे दोन जादा टायर, जॅक आणि ते वापरता येणारी किमान दोन माणसं. टायर बदलायचा सराव एडमंटनमध्येच करा, तूही कर. जादा पेट्रोलचा डबा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्यानं मिळतं, ते घ्या. समोरून ट्रक येताना दिसला की वेग अगदी कमी करून कडेला व्हा, म्हणजे काच वाचेल. आणि व्हॅनचा विमा खडीच्या रस्त्याला आणि पैसे घेऊन केलेल्या दौऱ्याला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्या. त्या रस्त्यावरून बंद पडलेली गाडी ओढून आणायची तर खर्च हजारो डॉलरांत जातो. म्होरक्याला वाचवायची आहेत ती मोटेलची भाडी त्यापुढं काहीच नाहीत.

राहण्याचा खर्च कमी करायचा एक चांगला रस्ता मात्र आहे. उत्तरेकडच्या छोट्या महोत्सवांत आणि गावांत कलाकारांना स्थानिक लोकांच्या घरी उतरवतात. आयोजकांना सरळ विचारा. एका दिवसाऐवजी तीन दिवस राहतो, शाळेत किंवा सभागृहात मुलांसाठी एक सकाळ वाजवतो, असं सांगितलंत तर बोलणं वेगळ्याच पातळीवर जाईल.

आणि चार दिवस काढा असं मी ज्या कारणासाठी म्हणते ते कारण हे आहे. तुम्ही निघालाय ते रिकाम्या प्रदेशात नव्हे. तिथं पिढ्यान्‌पिढ्यांचं संगीत आहे आणि ते तुमच्या बँडच्या अगदी जवळचं आहे. एकोणिसाव्या शतकात हडसन्स बे कंपनीच्या, म्हणजे कातडी-फरच्या, व्यापाऱ्यांबरोबर फिडल त्या नद्यांच्या काठी पोचलं. त्या माणसांत स्कॉटलंड आणि ऑर्कनी बेटांवरचे बरेच होते. ग्विचिन लोकांनी ते वाद्य उचललं, त्या चाली आपल्या पायांच्या ठेक्यावर बसवल्या, आणि आज फोर्ट मॅकफर्सनसारख्या गावात फिडल आणि जिगचा नाच हा त्यांचा स्वतःचा वारसा आहे. तुमच्या फिडलवाल्याला हे माहीत आहे का? माहीत असेल तर तो त्या गावातून न थांबता, अर्धवट झोपेत जायला तयार कसा झाला? त्याच्याशी हे बोल. इनुविकला आणि त्याच्या पुढं इनुविआलुइट या तिथल्या मूळ लोकांचे ढोल आहेत: रुंद, सपाट, लाकडी कड्यावर ताणलेले, लांब पातळ काठीनं वाजवायचे, आणि त्यांच्यावर नाचणारी माणसं गोष्ट सांगत असतात. चामड्यावर बोटं ठेवून मोठी झालेली तू, तुला ते ऐकायला मिळणं ही या दौऱ्यातली सगळ्यांत मोठी कमाई असेल. २०१७पासून इनुविकहून टुक्टोयाक्टुकपर्यंत बारमाही रस्ता झालाय, सुमारे १४० किलोमीटर. एक दिवस मोकळा असेल तर आर्क्टिक समुद्राच्या काठापर्यंत जाऊन या.

डॉसनबद्दल एक हकीकत सांगते, ती तुमच्या सगळ्यांना वाचून दाखव. १८९६मध्ये क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि दोन-तीन वर्षांत हजारो माणसं त्या नदीकाठी उतरली. तिथं राहणाऱ्या ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा मुखिया चीफ आयझॅक. या लोंढ्यात आपली गाणी टिकणार नाहीत हे त्याला दिसत होतं. म्हणून त्यानं ती गाणी आणि नाच अलास्कातल्या आप्तांच्या हवाली केले, सांभाळायला. त्यांनी ते सांभाळले. कित्येक दशकांनी या लोकांनी ती गाणी तिथून पुन्हा शिकून घरी आणली. डॉसनपासून थोड्या अंतरावर, नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड नावाचं त्यांचं जुनं गाव आहे. तिथं १९९३पासून वर्षाआड मोठा मेळा भरतो. हे लोक गाण्याला इतकं जपतात. त्यांच्या गावात तुम्ही रात्री नऊला येऊन बाराला निघून जाणार असाल, तर पाहुणे म्हणून ते बरं दिसत नाही असं मला वाटतं.

एक विनंती. तिकडच्या वादकांबरोबर बसायची संधी मिळाली तर आधी ऐक. बोलावलं तरच वाजव, आणि तेही हळू, पायांचा ठेका कळल्यावर. काही गाणी विशिष्ट प्रसंगांची किंवा विशिष्ट घराण्यांची असतात. रेकॉर्ड करण्याआधी नेहमी विचार.

आता तुझ्या तबल्याचं. ट्रेलरमध्ये तो अजिबात ठेवू नकोस. चालत्या गाडीच्या मागं हवेची पोकळी होते आणि ती धूळ आत खेचते. ट्रेलरच्या दाराच्या फटीतून ती पिठासारखी शिरते. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात, तो चिकट खार धातूला आणि चामड्याला दोन्हींना वाईट. तबला आणि डग्गा प्लास्टिकच्या पिशवीत, मग गादीच्या खोळीत, आणि व्हॅनमध्ये माणसांच्या पायांशी. उभ्या व्हॅनमध्ये ठेवून जाऊ नकोस: तिकडं ऊन दिवसभर फिरत राहतं आणि गाडी आतून तापते. कोरड्या गरम हवेत चामड्याची पुडी ताणते, सूर चढतो, मधल्या काळ्या शाईला भेगा जातात. प्रवासात वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे थोडे वर सरकवून सूर उतरवून ठेव, आणि कार्यक्रमाच्या जागी दोन तास आधी खोळ उघडून चामड्याला तिथल्या हवेत येऊ दे. मगच हातोडीला हात लाव. दिवसातून दोनदा हवा बदलणार असेल तर कसून चढवलेली पुडी फाटायला वेळ लागत नाही. पुडी बदलून देणारं माणूस तिकडं मिळणार नाही, म्हणून सुटी पुडी नेण्यापेक्षा त्याच पट्टीचा दुसरा चढवलेला तबला ने. जागा लागेल, पण तेवढी मागून घे. खडीच्या थरथरीनं स्क्रू सैल होतात, तेव्हा अ‍ॅकॉर्डियन, पिकअप, माइकचे स्टँड रोज रात्री एकदा तपासायला सांग. आणि डासांची तयारी कर. जुलैत उघड्यावर वाजवायचं असेल तर बाकीचे दोन गाण्यांच्या मध्ये हात झाडतील, तुझे दोन्ही हात अडकलेले. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी आणि लांब बाह्या, हे आधीच घे.

आता राहिलं बोलणं. सगळ्यांसमोर, तालमीच्या शेवटी, हे काढू नकोस. बँड त्यानं उभा केलाय, चारचौघांत त्याचा बेत मोडला तर तो बेत वाचवत बसेल आणि तुझं ऐकणार नाही. त्याला एकट्याला भेट. ‘मला भीती वाटते’ इथून सुरुवात करू नकोस, भीती वाटणं चूक आहे म्हणून नव्हे, पण मग बोलणं तुझ्या भीतीवर येतं आणि रस्ता बाजूला राहतो. एका कागदावर त्याच्याच बेताचे तास मांडून ने: डॉसन कधी सुटणार, कोणत्या तासाला कोण चालवणार, ईगल प्लेन्स किती वाजता, हद्दीवर गेलेला एक तास, फेऱ्यांच्या त्या वर्षीच्या वेळा, साउंडचेक. तो कागद त्याला वाचू दे आणि गप्प बस. त्याच्याखाली तुझा पंधरा दिवसांचा बेत, खर्चासकट. एक काम स्वतःकडं घे: आयोजकांशी मुक्कामाचं बोलणं, किंवा फोर्ट मॅकफर्सनच्या हॅम्लेट ऑफिसला, म्हणजे गावाच्या कार्यालयाला, पत्र लिहून तिथं वाजवता येईल का याची विचारणा. बेत मोठा करायला सांगणाऱ्यानं थोडा भार उचलला तर त्याचं म्हणणं वेगळं ऐकू येतं.

त्याच भेटीत एक नियम मागून घे: गाडीतल्या पाचांपैकी कुणीही एकानं ‘थांबू या’ म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. हा नियम सगळ्यांसाठी आहे, त्याच्यासाठीही. तो फिडलवाल्यासमोर आणि बेसवाल्यासमोर मोकळेपणानं मान्य झाला तर बाकीच्या गोष्टी जमून येतील. आणि तू निघायच्या आधी एडमंटनच्या आसपासच्या खडीच्या रस्त्यांवर व्हॅन चालवून बघ, ट्रेलर लावून. डेम्पस्टरवर मात्र नवशिकीनं ट्रेलर ओढू नये, तिथं तू शेजारी बसून चालकाशी बोलत राहण्याचं काम घे. ते कमी महत्त्वाचं नाही.

तरीही तो नाही म्हणाला तर? जागा जाईल का हे मी सांगू शकत नाही. पण जो बँड झोप मागितली म्हणून माणूस काढतो, त्याच्याबरोबर दुसऱ्या दौऱ्यावर जायची वेळ तुझ्यावर येऊ नये असं मला वाटतं. त्याला सांग की व्हाइटहॉर्स आणि डॉसनपर्यंत मी पूर्ण मनानं वाजवीन, डॉसनहून पुढं गाडीनं येणार नाही. हे आत्ता सांग. डॉसनच्या रंगमंचामागं, सामान भरताना, मध्यरात्री सांगणं त्यांच्यावर अन्याय होईल, आणि त्या घाईत तूही ‘जाऊ दे’ म्हणून व्हॅनमध्ये चढशील. इनुविकसाठी तबल्याशिवायची गाणी ठरवायला त्यांना वेळ मिळायला हवा. डॉसनहून व्हाइटहॉर्समार्गे विमानानं परतायला तुला किती पडेल ते या आठवड्यात बघून ठेव, आणि तो आकडाही त्याच कागदावर लिही.